दोन बोटं चुना

माझ्या सासऱ्यांना मी रेडिओ ऑपरेटर केलं तेव्हा ते ऐंशीच्या पुढं होते आणि त्यांना दुसरं काही काम नव्हतं. मलाही दुसरं माणूस नव्हतं. नवरा साखर कारखान्यावर नोकरीला, आठवड्यातून एकदा घरी येतो आणि आला की झोपतो. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. घरात मी, सासरे आणि दोन शेळ्या. शेळ्यांना बटण दाबता येत नाही.

सासऱ्यांना मी मामा म्हणते, आमच्याकडं तशीच पद्धत आहे. गाव त्यांना आबा म्हणतं. गाव धारूरच्या डोंगराखाली आहे आणि मी धारूरला एका कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. हौशी रेडिओचं लायसन्स मी कॉलेजच्या कामाच्या नावाखाली काढलं. सुरुवातीला सगळे करतात तेच केलं, छपरावर तार टांगली आणि लांबलांबच्या माणसांशी बोलायला लागले. ती माणसं त्यांच्याकडचं हवामान सांगायची आणि आपल्याकडचं विचारायची. आपल्याकडं ऊन आहे, असं मी वर्षभर सांगितलं. मग कंटाळा आला.

त्यानंतर मी खालच्या पट्ट्यांकडं वळले. खूप खालच्या, जिथं कुणी बोलतच नाही. रेडिओची लाट जितकी खालच्या पट्टीची तितकी ती लांब असते. मी जो सूर वापरायचे त्याची एक लाट आमच्या शिवारातून निघाली तर नगरच्या आसपास कुठंतरी पुरी होईल. एवढ्या लाटेला शोभेल असा अँटेना उभा करायचा तर जागा तालुक्याबाहेर बघावी लागेल. म्हणून अँटेनाच्या ऐवजी जमीन वापरायची. थोड्या अंतरावर दोन पहारी ठोकायच्या आणि त्यांच्यामध्ये सूर सोडायचा. सूर मातीत उतरतो, मुरमात, खालच्या काळ्या दगडात पसरत जातो. लांब कुठंतरी तारेचं कडं धरून, हेडफोन लावून उभं राहिलं तर तो ऐकू येतो. किती लांब ऐकू येतो, एवढाच प्रयोग.

हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते ओट्यावर बसून सुपारी कातरत होते.

"याच्यावर बोलता येतं का?"

"नाही."

"गानी?"

"नाही."

"मग काय व्हतं?"

"टूं वाजतं."

"बरं," मामा म्हणाले. "मला काय करायचं हाय?"

या एका प्रश्नासाठी मी त्यांची आजन्म ऋणी आहे. नवऱ्यानं विचारलं होतं, फोन असताना हे कावून? कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी विचारलं होतं, याचा पेपर छापून येतो का? मामांना कामाशी मतलब होता.

अ‍ॅम्प्लिफायर भजनी मंडळाकडून मिळाला. त्यांनी नवीन घेतला, जुना माझ्या गळ्यात मारला. तो ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचा. त्याला कर्णा जोडायच्या जागी मी जमीन जोडली, एवढाच काय तो माझा शोध. ऐकायचं कडं करायला ठिबकचा काळा पाईप वाकवून गोल केला आणि त्यावर तार गुंडाळून घ्यायला धारूरच्या बाजारात जळालेल्या मोटारींत नवी तार भरणाऱ्या मिस्त्रींकडं गेले. मिस्त्रींच्या तीन पिढ्या मोटारी भरण्यात गेल्या आहेत. त्यांनी कडं सगळ्या बाजूंनी पाहिलं.

"कितीची मोटार हाय मॅडम?"

"मोटार नाही. नुसतं कडंच."

"मग इसमें फिरणार काय?"

"मीच फिरणार."

मिस्त्रींनी तार गुंडाळून दिली. वेढे एकसारखे, एकावर एक चढू न देता बसवले होते. पुढं मी कधी दुकानावरून गेले की ते आपल्या कारागिराला म्हणायचे, मॅडमची मोटार बघ, स्वतःच फिरती.

शेतीची लाइट आमच्याकडं एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. दिवसाच्या आठवड्यात हेडफोन लावले की शिवारातल्या सगळ्या मोटारी आणि तारा एकदम कानात गुरगुरतात, बाकी काही ऐकू येत नाही. रात्रीची पाळी आली की गाव वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचं आणि मला आनंद व्हायचा. अशा वेळी रविवारी सकाळी तारा मेलेल्या, मोटारी थंड, आणि हेडफोनमध्ये फक्त फुटाणे भाजल्यासारखा बारीक तडतडाट. तो कुठंतरी शेकडो मैलांवर पडणाऱ्या विजांचा असतो. तिथं पाऊस चालू आहे आणि इथं मी रिकाम्या ज्वारीच्या रानात उभी आहे, हे मला फार आवडायचं. का आवडायचं ते विचारू नये. आवडायचं.

मामांचं काम बटणाचं. बटण म्हणजे दारावरच्या बेलचं. सूर सलग सोडला तर तो आपला की कुणाच्या मोटारीचा ते कळत नाही, म्हणून तो तुटक सोडायचा. किती वेळ दाबायचं आणि किती वेळ सोडायचं, याचा मी घड्याळ लावून धडा द्यायला निघाले. मामा म्हणाले, घड्याळ मला दिसत न्हाई. त्यांनी स्वतःची पद्धत काढली: मनात एकदा देवाचं नाव घेऊन होईपर्यंत दाबायचं, दुसऱ्यांदा घेऊन होईपर्यंत सोडायचं. ती पद्धत घड्याळापेक्षा वाईट होती, पण मला चालण्यासारखी होती. शिवाय त्यांचा हात थरथरायचा. अंगठा बटणावर पूर्ण टेकायचा नाही, त्यामुळं सूर सरळ न येता मधे मधे काप घेत यायचा. ओढ्याच्या काठी उभं राहून तो थरथरता सूर पायाखालच्या जमिनीतून कानात आला की मला कळायचं, मामा बसलेत. दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही.

पहारींच्या बुडाला ओल असावी लागते, नाहीतर सूर जमिनीत नीट उतरत नाही. म्हणून मामा काम सुरू व्हायच्या आधी तांब्यानं दोन्ही पहारींना मिठाचं पाणी घालायचे. आणि मी सूर जिथं संपेल तिथं एक दगड ठेवायची. वही ठेवली नाही. रानात वारा असतो, शिवाय दगड हीच नोंद. पुढच्या वेळी सूर त्याच्या पुढं गेला तर नवा दगड. दगडांच्या रानात माझा दगड ओळखू यावा म्हणून त्याला पांढरी खूण हवी होती. मामा तंबाखू खातात. त्यांनी डबीतला चुना दोन बोटांवर घेतला आणि दगडावर दोन पट्टे ओढून दिला. मग पुढं तीच रीत पडली. निघताना ते चुन्याचा दगड माझ्या हातात द्यायचे, मी तो घेऊन चालायचे आणि सूर संपला की खाली ठेवायचे.

आता लांबून बघणाऱ्याला काय दिसत होतं ते सांगते. एक म्हातारा रानात बसलाय, जमिनीत लोखंड ठोकलंय, त्याला पाणी घालून तो ओठ हलवतोय. त्याची सून कडं घेऊन, कानाला काहीतरी लावून बांधाबांधानं चालतेय, मधेच थांबतेय, कान देतेय, आणि एका जागी दगड ठेवतेय. दगडावर दोन बोटं चुना.

हे मला दिसायला हवं होतं. मला विजांचा तडतडाट ऐकू येत होता, पण हे काही दिसलं नाही.

कारण मामा पाणाडी होते. तळहातावर नारळ आडवा ठेवून अनवाणी चालायचं, आणि खाली पाणी असेल तिथं नारळ शेंडी वर करून उभा राहतो, तिथं बोअर घ्यायचा, असं ते काम. पाणी दाखवायचे त्यांनी कधी पैसे घेतले नाहीत. पाणी लागलं तर टॉवेल-टोपी आणि तो नारळ. पॉइंट सापडला की तिथं दगड ठेवायचे आणि त्यावर चुन्याची दोन बोटं ओढायचे. बोअरची गाडी येईपर्यंत तो दगड कुणी हलवायचा नाही, अशी रीत होती. दोन बोटं चुना म्हणजे आबाचा पॉइंट. हे धारूरच्या घाटापासून खाली दिंद्रुडपर्यंत लोकांना माहीत होतं. मला पण माहीत होतं. पण माझ्या डोक्यात ते एका कप्प्यात होतं आणि रेडिओ दुसऱ्या.

नारळाबद्दल मला काय वाटतं हे मामांना ठाऊक होतं. लग्न होऊन आले त्या वर्षी तो विषय एकदा निघाला आणि मी चांगलं तासभर बोलले. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, चहा टाक. त्यानंतर आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

पुढं, रेडिओच्या बऱ्याच आधी, मामांचे दोन पॉइंट पाठोपाठ फेल गेले. नुसता फुफाटा निघाला. त्यातला एक आमच्या शेजारच्या रानातला. शेजारी म्हणजे आमचा बांधकरी, एकदा सरपंच झालेला गडी, त्याच्याशी मामांचं रोजचं उठणं-बसणं. फेल गेलेल्या बोअरबद्दल तो एक शब्द बोलला नाही. त्यानं फक्त आमच्या ओट्यावर बसायला येणं बंद केलं, आणि रस्त्यात भेटला तर राम राम घालायच्या वेळी त्याचा फोन वाजायचा. याच सुमारास चार सळ्या आणि एक डबा घेऊन मशीनवाले पाण्याचा सर्व्हे करायला फिरायला लागले. मामांना बोलवायला कुणी आलं नाही. ते रोज आंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून ओट्यावर बसायचे, मोटारसायकल आली की वर बघायचे, आणि मोटारसायकल पुढं जायची. असं कित्येक वर्षं. मला त्यांच्या नारळावर काडीचा विश्वास नव्हता, पण त्या वर बघण्याचं मला फार वाईट वाटायचं.

रानात आमचे चुन्याचे दगड पडायला लागले तेव्हाही बांधकऱ्यानं आम्हाला काही विचारलं नाही. विचारायचं तर आधी बोलावं लागलं असतं. त्यानं काही रविवार आपल्या बांधावर उभं राहून आमचा कारभार पाहिला. ओढ्याच्या अलीकडं, त्याच्या रानाच्या कोपऱ्यावर माझा सगळ्यात लांबचा दगड पडलेला होता. एक दिवस मी कॉलेजातून आले तर तिथं बोअरची गाडी उभी होती आणि सगळं शिवार पांढऱ्या धुराळ्यानं भरलं होतं.

मी साडी खोचून पळत गेले. "दादा, तो दगड कशाचा आहे माहिताय का तुम्हाला?"

"आबाचा हाय," तो मशीनच्या आवाजावर ओरडून म्हणाला.

"तो माझा आहे. तिथं आमचा रेडिओ संपतो."

त्यानं कानाला हात लावला. मी पुन्हा सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि धुराळ्यात गेला. मी तिथंच उभी राहिले. मनात म्हटलं, आता हा तिसरा. आता मामा ओट्यावर सुद्धा बसणार नाहीत. मला कधी कुणाचा एवढा राग आला नव्हता आणि तो नक्की कुणावर होता हेही कळत नव्हतं.

मग पाणी लागलं. चांगलं लागलं, गाडीच्या माणसांनी शिट्ट्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी बांधकरी आमच्या ओट्यावर आला. टॉवेल, टोपी, नारळ. त्यानं मामांना टोपी घातली, पाया पडला आणि आपल्या जुन्या जागी, खांबाला पाठ टेकून बसला. इतकी वर्षं कुठं होता याचा विषय दोघांनीही काढला नाही. मी चहा आणला आणि पुन्हा एकदा सगळं समजावून सांगितलं. लाटा, मुरूम, काळा दगड. पाण्याचा आणि सुराचा काहीएक संबंध नाही, हा निव्वळ योगायोग आहे.

त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. "मॅडम, मशीन तुमचं आसंल. पर हात आबाचा हाय ना?"

"बटणावर आहे."

"तेच म्हनतो मी."

संध्याकाळी मामा टोपी घालूनच बसले होते.

"तितं आपला सूर संपला व्हता ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आन् पानी लागलं."

"हो."

"बरं," मामा म्हणाले, आणि टोपी जरा सरळ केली.

त्यानंतर मोटारसायकली थांबायला लागल्या. मी प्रत्येकाला खरं सांगितलं. लोक म्हणायचे, मॅडम शिकलेल्या हायेत पर गर्व न्हाई. एकानं मला कड्यासाठी लाल कापडाची पिशवी शिवून आणली. ती मी ठेवून घेतली, कारण चांगली होती. मामा कुणाला हो म्हणाले नाहीत आणि नाही पण म्हणाले नाहीत. ते सगळ्यांना बसवून घ्यायचे, कुणाचा मळा कुठं, कुणाची सोयरीक कुणाकडं हे विचारायचे. त्यांचा आवाज मोठा झाला. दुपारी ते झोपेनात.

शेवटी दिंद्रुडहून त्यांचा भाचा आला. त्याला नाही म्हणणं अवघड होतं, बहिणीचा एकुलता एक. त्याची मोसंबी वाळायला लागली होती. त्याच्या रानात पूर्वी मशीनवाल्यानं दाखवलेला बोअर कोरडा गेला होता, आणि आता पुन्हा गाडी लावायची तर विचार करूनच लावावी लागणार होती. तो म्हणाला, "मामा, आता तुमी ठिवताल त्या दगडावर गाडी लावतो. दुसऱ्या कुनाचं ऐकनार न्हाई."

मामा माझ्याकडं न बघता म्हणाले, "रविवारी येतो."

मी त्या आठवड्यात दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला. एकदा त्यांनी शेळ्यांना पाला टाकायला सांगितला आणि एकदा ते खरोखर झोपले होते. बोअर कोरडा गेला तर भाच्याची बाग जाईल, आणि मामांचं नाव कायमचं जाईल. फेल गेलेले दोन बोअर लोक एका पाण्यामुळं विसरले होते, तिसरा गेला तर तिन्ही आठवणार. हे मला दिसत होतं. त्यांनाही दिसत असणार. पण टोपी घातलेल्या माणसाशी बोलायचं कसं, हे मला उमगेना.

आठवडा रात्रीच्या पाळीचा होता. रविवारी भाच्यानं जीप पाठवली. मामा पुढं बसले. मी मागं, मांडीवर अ‍ॅम्प्लिफायर, पायाशी बॅटरी आणि पहारी, बाजूला बांधकरी. तो साक्षीला म्हणून स्वखुशीनं आला होता. दिंद्रुडला बागेच्या कडेला बरीच माणसं जमली होती आणि पाहुण्यांच्या बायकांनी मला हळदीकुंकू लावलं. कड्याला पण लावलं. मी पहारी ठोकल्या, मामांनी मिठाचं पाणी घातलं. डबी काढून त्यांनी एका दगडावर दोन बोटं चुना ओढला आणि दगड माझ्या हातात दिला.

मी चालायला लागले. मामा दाबत होते. तिथली जमीन काळी, चांगली खोल, सूर आमच्या रानातल्यापेक्षा जाडसर येत होता, पण तीच थरथर, तेच काप. मोसंबीच्या दोन ओळींमधून मी पुढं गेले, माणसं माझ्या मागं अंतर राखून चालत होती. बाग संपली. पलीकडं पडीक तुकडा लागला आणि तिथं सूर बारीक होत होत संपला. मी एक पाऊल मागं आले, आला. पुढं गेले, गेला. दगड ठेवायची जागा हीच.

मी दगड हातात धरून उभी राहिले. ठेवला असता तर तिथं दुसऱ्या दिवशी गाडी लागली असती. ठेवला नसता तर सुनेनं सगळ्या पाहुण्यांपुढं सासऱ्याचा अपमान केला असता. भाचा माझ्या हाताकडं बघत होता. मला बोलायला यायला हवं होतं, मी रोज पोरांपुढं तासन् तास बोलते.

मग माणसं बाजूला झाली. मामा येत होते. बटण सोडून, काठी न घेता, मोसंबीच्या फांद्या हातानं सारत. ते माझ्यापाशी येऊन थांबले, दम खाल्ला, आणि माझ्या हातातला दगड घेतला.

"ही दगड कुठं ठिवती म्हाईत हाय का?" ते भाच्याला म्हणाले. "माजा आवाज जितं संपतो तितं. पान्याचा आन् त्याचा काय संबंद न्हाई. तिनं समद्यास्नी सांगितलं व्हतं. मीच बोललो न्हाई."

बांधकरी पुढं आला. "आबा, माज्या बोअरला तर पानी हाय."

"तुजं नशीब."

"मग नारळानं बगा," भाचा म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "मामा, नारळानं बगा की."

"नारळ आता उटत न्हाई," मामा म्हणाले. त्यांनी उजवा हात पुढं केला, तळवा वर. सगळ्यांना दिसला तसा मलाही दिसला, थरथरणारा. "हात हालतो, त्यानं नारळ हालतो. लोकास्नी वाटतं उटला. ते दोन गेले ते तसेच गेले. तवाच सांगायला पायजे व्हतं."

भाच्याच्या बायकोनं सगळ्यांना जेवायला वाढलं. जेवताना उसाच्या भावावर बोलणं झालं. परत येताना जीपमध्ये मामा मागं बसले आणि बांधकरी पुढं. भाच्यानं नंतर कुठं बोअर घेतला, पाणी लागलं की नाही, ते आम्हाला कुणी कळवलं नाही. मी पण विचारलं नाही.

घरी आल्यावर मामांनी टोपी आणि टॉवेल धुऊन वाळत घातले, वाळल्यावर घडी करून पेटीत ठेवले. मोटारसायकली थांबायच्या बंद झाल्या. बांधकरी ओट्यावर येत राहिला. त्याच्या बोअरला पाणी होतं, त्याला यायला हरकत नव्हती. पण आता तो बसला की हवापाण्याच्या गप्पा मारायचा. कुणाच्या रानाचा विषय निघाला की मधेच गप्प व्हायचा, जणू आजारी माणसापुढं बोलतोय. मामा ऐकायचे आणि मान डोलवायचे.

मला वाटलं, आता पहारी काढून गोठ्यात ठेवाव्यात. रात्रीच्या पाळीचा आठवडा आला, रविवार आला, तरी मी बॅटरी बाहेर काढली नाही. मामा आंघोळ करून, धोतर नेसून मागच्या दारानं आले.

"लाइट गेलीय. चल की."

रानात गेल्यावर त्यांनी पहारींना पाणी घातलं, दगडाला चुना लावला. मग बटण माझ्यापुढं सरकवलं.

"आज मी फिरतो."

मी त्यांना हेडफोन लावून दिले, कडं कसं धरायचं ते दाखवलं. त्यांनी दगड बंडीच्या खिशात टाकला, वहाणा काढून ठेवल्या आणि निघाले. मी बटण दाबायला लागले. त्यांच्यासारखं, देवाचं नाव घेऊन. मी एरवी घेत नाही, पण घड्याळ घरी राहिलं होतं.

मामा विहीर ओलांडून गेले. कडं त्यांनी अंगापासून जरा पुढं, दोन्ही हातांत धरलं होतं, पूर्वी नारळ धरत असतील तसंच. लिंबाच्या झाडाखालून गेले. ओढ्याच्या अलीकडं, बांधकऱ्याच्या बोअरपाशी, जिथं सूर नेहमी संपायचा, तिथंही ते थांबले नाहीत. बांधकरी बांधावर उभा होता. त्याच्याकडं न बघता ते ओढ्यात उतरले, पलीकडं चढले आणि चालतच राहिले. सूर एवढा लांब जाणं शक्य नव्हतं. माझं गणित तरी तसं होतं. गणित चुकलं असेल तर मला आनंदच होता, म्हणून मी दाबत राहिले. ते डोंगराच्या पायथ्याशी पळसाच्या झाडीपर्यंत गेले, तिथं पांढरं धोतर तेवढं दिसत होतं. मग वळले. ते परत येईपर्यंत मी दाबत होते, अंगठा बधिर झाला.

"कुठपर्यंत आलं?" मी उठूनच विचारलं.

त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिले. "काई आलं न्हाई."

"म्हणजे?"

"पयल्यापासूनच काई न्हाई. बारीक आवाज मला ऐकू येत न्हाई माय. लई वर्सं झाली."

त्यांनी खिशातून दगड काढला आणि पहारीशेजारी ठेवला. चुना पुसला गेला होता, थोडा बंडीला लागला होता. "ऐकलंच न्हाई तर ठिवू कुठं?"

मी हेडफोनची वायर गुंडाळायला लागले. या माणसानं इतके महिने बटण दाबलं होतं आणि त्यातला एक सूर त्याच्या कानावर कधी पडला नव्हता, पडणारही नव्हता.

"मग एवढं लांब कावून गेलात?"

मामांनी वहाणा पायात घातल्या.

"तू दाबत व्हतीस ना."

मग ते आपल्या जागी बसले, डबी काढून त्यांनी दगडावर पुन्हा दोन बोटं ओढली आणि तो मला दिला. मी हेडफोन लावले, कडं उचललं आणि निघाले. सूर येत होता, काप घेत, थरथरत. लिंबापाशी आला, आणि ओढ्याच्या अलीकडं, बोअरपाशी, नेहमीच्याच जागी संपला. मी तिथं दगड ठेवला, आणि मामा दाबत होते म्हणून ओढा उतरून पुढं चालत राहिले.